हयात जोडीदार

सिस्टरबाईंनी नवऱ्याला विधुर व्हायचं शिकवायला घेतलं, तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी बसून एका जुन्या मासिकातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करत होते. मासिक छापून अठरा वर्षं झाली होती आणि ते छापणारा छापखाना बंद पडून बारा. पण उभा जन्म मुद्रितशोधनात गेलेल्या माणसाला चूक दिसली की राहवत नाही. म्हणून तर ओळखीतले सगळे त्यांना शोधकराव म्हणायचे.

"अहो, ते पेन ठेवा आणि इकडे लक्ष द्या. मी गेले की पहिल्या दिवशी काय करायचं?"

"कुठे गेलीस की?"

"वर."

"वर? शिवणकामवाल्या बाईंकडे?"

"त्याच्याही वर."

शोधकरावांनी पेनाला टोपण लावलं. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहत आणि त्यांच्यावर फक्त गच्ची होती, हे त्यांना माहीत होतं. बायको काय म्हणतेय तेही माहीत होतं. चार दिवसांपूर्वी भांडी पुसता पुसता तिने सांगितलं होतं, "माझ्या आतड्यात गाठ आहे. रिपोर्ट मी वाचलाय. तुम्ही वाचू नका, त्यात चुका फार आहेत." चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली बाई ती. असल्या गाठी तिने ट्रेमध्ये ठेवलेल्या पाहिल्या होत्या. रडायचं असेल तर ती आंघोळीला गेल्यावर रडून घ्या, नंतर कामं आहेत, असंही तिने सांगून ठेवलं होतं.

कामं म्हणजे व्हिसाची. निवृत्तीनंतर दोघं या समुद्राकाठच्या परक्या गावात येऊन राहिले त्याला पाच वर्षं होत आली होती. हवा चांगली होती, रस्ते सपाट होते, मूलबाळ नव्हतं, आणि मायदेशातली जागा विकून टाकल्यामुळे परत जायला दार उरलं नव्हतं. इथला निवृत्तांचा व्हिसा मिळायचा पेन्शन असणाऱ्याला. पेन्शन होती सिस्टरबाईंना. छापखान्याने शोधकरावांना निरोप देताना एक हार आणि एक शब्दकोश दिला होता. त्यामुळे कार्डावर सिस्टरबाई 'मुख्य धारक' आणि शोधकराव 'अवलंबित जोडीदार'. मुख्य धारक गेला की अवलंबिताने काय करायचं, याच्या वाटा सिस्टरबाईंनी चार दिवसांत खणून काढल्या होत्या.

"तीन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "एक, विद्यार्थी म्हणून राहायचं. त्यासाठी इथल्या भाषेची परीक्षा द्यावी लागेल."

"मला साठ शब्द येतात."

"त्यातले वीस फळांचे. म्हणून तो रस्ता बंद. दुसरा, इथल्या बाईशी लग्न."

"काय बोलतेस!"

"तोही बंद, तुम्हाला कोण घेणार? तिसरा सरळ आहे. व्हिसा चालू असताना मुख्य धारक गेला, तर मागे राहिलेल्याला पाच वर्षांचं स्वतःचं कार्ड मिळतं. त्याला पेन्शन लागत नाही, तपासणी लागत नाही. 'हयात जोडीदार' असा फॉर्म आहे. फक्त माझा व्हिसा चालू पाहिजे. तो या महिन्यात संपतो. म्हणजे आधी नूतनीकरण, मग ऑपरेशन, मग जे व्हायचं ते."

पण ऑपरेशनची तारीख मिळाली चौदा, आणि व्हिसा कार्यालयाचीही मिळाली चौदाच. दोन्हींपैकी एकही बदलून मिळेना. "तुम्ही कार्यालयात जा," सिस्टरबाईंनी ठरवून टाकलं. "दवाखान्यात तुमचा काय उपयोग? बाकावर बसून घाबरणार, ते खिडकीपुढे उभं राहून घाबरा." त्यांनी दोन फायली केल्या. निळ्या फायलीत नूतनीकरणाचे कागद. करड्या फायलीत 'हयात जोडीदार'चा फॉर्म, पूर्ण भरलेला, शोधकरावांची सही घेतलेला, फक्त तारखेची जागा मोकळी. "करडी कपाटात ठेवा. वेळ येईल तेव्हा तुमचं डोकं ठिकाणावर नसेल. नुसती तारीख घालायची आणि द्यायची."

चौदा तारखेला सकाळी सहाला दोघं दवाखान्यात गेले. सातला सिस्टरबाईंना आत नेलं. जाताना त्या भूल देणाऱ्या डॉक्टरला सुई कुठे टोचावी ते सांगत होत्या. शोधकराव घरी आले. कार्यालयाची वेळ अकराची होती. तोवर करायचं काय? त्यांनी दोन्ही फायली टेबलावर काढल्या आणि कागद तपासायला घेतले. निळ्या फायलीतल्या सातव्या पानावर घराचा नंबर चुकला होता. करड्या फायलीत तोच नंबर बरोबर होता. मग एकेक पान शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहणं आलं. पाऊण तासात त्यांनी दोन चुका काढल्या, एक सही ठळक केली, आणि सगळे कागद पानांच्या आकड्यांप्रमाणे नीट लावून निळ्या फायलीत ठेवले. सगळे. दवाखान्याने ऑपरेशनसाठी दाखल करून घेतल्याचं शिक्क्याचं पत्रही त्यातच गेलं. इतकी सुबक फाईल त्या कार्यालयात कधी आली नसेल.

चार नंबरच्या खिडकीत एक प्रौढ बाई होती, केस घट्ट बांधलेली, सर्दी झालेली. तिने फाईल उघडली. वरच 'हयात जोडीदार'चा फॉर्म होता, कारण त्यावर पान क्रमांक एक असं छापलेलं होतं. तिने मान वर करून शोधकरावांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"कधी गेल्या?" तिने हळू आवाजात विचारलं.

'गेल्या' हा शब्द शोधकरावांच्या साठात होता. "आज सकाळी. सात वाजता."

"आज? आणि तुम्ही आजच इथे आलात?"

"तिनेच सांगितलं होतं. आजच जा म्हणाली."

खिडकीतल्या बाईने रुमाल काढला. "फार त्रास झाला का त्यांना?"

"नाही, नाही. आधी झोपवलं."

"शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या?"

"डॉक्टरला शिकवत होत्या," शोधकराव म्हणाले, आणि हे बोलताना त्यांचा आवाज जरा कापला. मागे रांगेत कुजबुज झाली. कुणीतरी खुर्ची आणून दिली. एका माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. लोक किती चांगले आहेत, असं शोधकरावांना वाटलं. ऑपरेशन म्हटल्यावर इतकी काळजी आपल्याकडेही कुणी करत नाही.

त्या देशाचा कायदा दयाळू होता, आणि तिथेच घात झाला. ज्याचं माणूस नुकतंच गेलं आहे त्याला हेलपाटे घालायला लावू नयेत, असा नियम होता. फॉर्म, सही आणि दवाखान्याचं शिक्क्याचं पत्र एवढं असलं की पुरे. खिडकीतल्या बाईने मोकळ्या जागेत चौदा तारीख घातली, पत्रावरचा शिक्का पाहिला, मजकूर वाचायचं तिच्याच्याने झालं नाही, आणि वीस मिनिटांत नवंकोरं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. खिडकीतून हात बाहेर काढून तिने त्यांचा हातही दाबला.

दुपारी सिस्टरबाई शुद्धीवर आल्या. पहिला शब्द होता, "झालं?"

"झालं! वीस मिनिटांत. खुर्ची दिली बसायला."

"खुर्ची?" एवढं म्हणून त्या पुन्हा झोपल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचं जेवण आलं नाही. चौथ्या दिवशी औषधं आली नाहीत. वॉर्डातली तरुण नर्स दोनदा खाली जाऊन आली आणि पलंगाच्या पायथ्याशी अवघडून उभी राहिली. "काहीतरी गोंधळ आहे," ती म्हणाली. "कॉम्प्युटरवर तुमचं नाव लाल दिसतंय. लाल म्हणजे... तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे. आमच्याकडे निळं असायचं." सिस्टरबाईंनी मान वळवली. "अहो, ते कार्ड दाखवा जरा."

शोधकरावांनी खिशातून कार्ड काढलं. चार दिवस ते मोठ्या कौतुकाने खिशात बाळगत होते. 'मुख्य धारक' म्हणून छापून आलेलं स्वतःचं नाव त्यांनी अनेकदा वाचलं होतं आणि त्यात एकही चूक नव्हती. नावाखालची बारीक ओळ त्यांना न येणाऱ्या शब्दांत होती. ती सिस्टरबाईंनी वाचली. त्यांनी एक हात पोटावर दाबून धरला. मग म्हणाल्या, "माझे टाके दुखतील असं हसू आणू नका मला."

"काय झालं?"

"तुम्ही मला मारलंत."

आपण 'झोपवलं' म्हणालो होतो, आणि त्यावर त्या बाईने रुमाल का काढला, ते शोधकरावांना आत्ता उमगलं. ते तडक चार नंबरच्या खिडकीवर गेले. साठ शब्दांत 'ती जिवंत आहे' हे बसत नव्हतं. "बायको आहे," ते म्हणाले. "बायको जेवते. बायको रागावते." खिडकीतल्या बाईला वाटलं, दुःखाने म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. तिने त्यांना पाणी पाजलं आणि टॅक्सीत बसवून घरी पाठवलं.

शेवटी दोन आठवड्यांनी सिस्टरबाईंनाच चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागलं. तोवर ती तरुण नर्स दुसऱ्या रुग्णांच्या नावावर त्यांची औषधं काढत होती. खिडकीतली बाई त्यांना पाहून आधी पांढरी पडली, मग रडली, मग साहेबांना बोलवायला धावली. साहेब शांत आणि सभ्य होते. त्यांनी फाईल दोनदा वाचली.

"चूक आमची आहे," ते म्हणाले. "पण मेलेल्या व्यक्तीला जिवंत करायचा अधिकार या कार्यालयाला नाही. तो न्यायालयाला आहे. मी आजच अर्ज पाठवतो. तारीख साधारण अकरा महिन्यांनी लागेल."

सिस्टरबाईंच्या मांडीवर त्याच दिवशीचा दुसरा रिपोर्ट होता. गाठ काढली होती, पण तिने यकृतापर्यंत हातपाय पसरले होते. "साहेब," त्या म्हणाल्या, "तुमची तारीख माझ्या तारखेच्या पुढे जातेय."

साहेबांनी चष्मा पुसला. तोवर बाईंना देशात राहायला आधार काय? काहीच नाही. नियमाप्रमाणे मृतांना मुदत नसते. आधार नाही म्हणजे दवाखाना नाही, औषध नाही, आणि तीस दिवसांत देश सोडायचा. साहेब नियमांचं पुस्तक चाळत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"तुमच्या मिस्टरांकडे आता स्वतःचं कार्ड आहे. ते तुम्हाला अवलंबित जोडीदार म्हणून घेऊ शकतात. अवलंबिताला वैद्यकीय तपासणी नाही. फॉर्म साधा आहे."

शोधकरावांनी तिथल्या तिथे फॉर्म भरला. खिडकीतल्या बाईने लग्नाची तारीख कॉम्प्युटरमध्ये घातली आणि ओठ चावले. कॉम्प्युटर घेत नव्हता. विधुराचं लग्न विधुर झाल्यानंतरचं असायला हवं होतं.

"म्हणजे?" शोधकरावांनी विचारलं.

"म्हणजे पुन्हा लग्न करा म्हणतायत," सिस्टरबाई म्हणाल्या. "आणि मी तुम्हाला म्हटलं होतं, तुम्हाला कोण घेणार!"

लग्न नगर कार्यालयात एका मंगळवारी झालं. साक्षीदार म्हणून शिवणकामवाल्या बाई आणि वॉर्डातली नर्स. लग्न लावणारा अधिकारी हौशी होता. दोन वाळलेली माणसं आणि एक चाकाची खुर्ची समोर असूनही त्याने पुढच्या दीर्घ सहजीवनाबद्दलचं आपलं भाषण गाळलं नाही. सिस्टरबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. भाषणानंतर "तुमची हरकत नाही ना?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "माहिती असूनही नाही."

आता एकच पायरी राहिली होती, मुलाखत. घाईघाईच्या लग्नांची चौकशी करायला मुख्य शहरातून एक अधिकारी यायचा. तो तरुण होता, कडक होता आणि त्याच्यासोबत दुभाषी होता. "शपथेवर बोलायचं आणि विचारलं तेवढंच सांगायचं," त्याने सुरुवातीलाच बजावलं. सिस्टरबाई मधे काही सांगू लागल्या, तेव्हा त्याने हात वर करून त्यांना थांबवलं.

"तुमची पहिली पत्नी चौदा तारखेला गेली, आणि पाच आठवड्यांत तुम्ही दुसरं लग्न केलंत?"

"हो," शोधकराव म्हणाले.

"या बाईंना कधीपासून ओळखता?"

"बेचाळीस वर्षं झाली."

अधिकाऱ्याने लिहायचं थांबवलं. "म्हणजे पहिली पत्नी असतानाच?"

"हो. रोजच."

"पहिल्या पत्नीला हे माहीत होतं?"

"तिला सगळं माहीत असतं."

दुभाष्याने हे सांगताना आवाज खाली आणला. अधिकाऱ्याने फाईल चाळली. "आणि दोघींचं नाव एकच?"

"तेच तर ती मघाशी सांगत होती," शोधकराव म्हणाले. "पण तुम्ही विचारलं नव्हतं."

अधिकारी सिस्टरबाईंकडे वळला. "तुम्ही या गृहस्थांवर खरोखर अवलंबून आहात का?"

सिस्टरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. घरातला दिवा बदलण्यापासून पेन्शनच्या पत्रव्यवहारापर्यंत सगळं त्यांनी केलं होतं. नवऱ्याला शर्टाचं बटणही लावता येत नाही, हे त्या चारचौघांत सांगायच्या. पण त्या दिवशी सकाळी त्याच माणसाने त्यांना उठवलं होतं, पुसून काढलं होतं, ऑपरेशनपासून शौचासाठी पोटावर लावलेली पिशवी बदलली होती, आणि पिशवी उलटी लागल्यावर न चिडता पुन्हा बदलली होती.

"हो," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"सहा आठवडे."

अधिकाऱ्याने शेरा लिहिला. साहेबांनी तो नंतर त्यांना वाचून दाखवला. 'संबंध दीर्घकाळचा व उघड. अर्जदारांत लपवाछपवी आढळली नाही. मंजूर.'

सिस्टरबाई पुढे साडेसहा महिने जगल्या. त्यातले चार बरे गेले. त्या काळात त्यांनी शोधकरावांना दिवा बदलायला, सुईत दोरा ओवायला आणि इथल्या भाषेतले आणखी दीडशे शब्द शिकवले. फळं त्यांनी मुद्दाम वगळली. उरलेले अडीच महिने वाईट होते. शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलायला त्रास व्हायचा. तरी एकदा नर्सने सलाइनची नळी लावताना शोधकरावांनी "ती बुडबुडे आधी काढायला सांगतेय" असं तिला सांगितलं, तेव्हा सिस्टरबाईंनी डोळे मिटून मान हलवली. एका सकाळी त्या गेल्या. या वेळी दवाखान्याचं पत्र खरं होतं आणि शोधकरावांनी ते पूर्ण वाचलं. कार्यालयात अवलंबित जोडीदाराच्या ओळीवर रेघ मारली गेली. मुख्य धारकाला काहीच करायचं नव्हतं.

त्यानंतर तीन महिन्यांनी न्यायालयाची तारीख आली. शोधकरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेले. बायको आता नाही, मग खटला कशाला, हे सांगायचं म्हणून ते मृत्यूचा दाखला घेऊन गेले होते. न्यायाधीशबाईंनी तो दाखला बारकाईने वाचला आणि समाधानाने मान डोलावली.

"यासारखा पुरावा नाही," त्या म्हणाल्या. "जी व्यक्ती यंदा वारली, ती गेल्या वर्षी वारलेली असूच शकत नाही. चौदा तारखेची नोंद रद्द. त्या जिवंत आहेत."

"पण बाई, ती आता..."

"तो आजच्या प्रकरणाचा विषय नाही."

दहा दिवसांनी टपालाने जाड पाकीट आलं. त्यात कार्यालयाचं दिलगिरीचं पत्र होतं आणि दोन नवी कार्डं. चौदा तारखेची नोंद रद्द झाल्यामुळे त्यानंतरचं सगळंच रद्द झालं होतं. शोधकरावांचं कार्ड, ते मंगळवारचं लग्न, अवलंबित जोडीदाराची ओळ आणि त्या ओळीवरची रेघसुद्धा. नूतनीकरण मात्र मंजूर झालं होतं. एका कार्डावर सिस्टरबाईंचा फोटो, मुख्य धारक, पाच वर्षं वैध. दुसऱ्यावर शोधकराव, अवलंबित जोडीदार.

ते चार नंबरच्या खिडकीवर गेले. खिडकीतल्या बाईने कार्डं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "देवा! आता हे पुन्हा सगळं. काळजी करू नका, मी स्वतः करून देते. 'हयात जोडीदार'चा फॉर्म, तुमची सही, दवाखान्याचं पत्र. या वेळी मी पत्र वाचणार आहे. तुमचं कार्ड आजच मिळेल. आत्ता भरायचा का?"

"किती दिवसांत कळवावं लागतं?" शोधकरावांनी तिच्याच भाषेत, व्याकरणाची एकही चूक न करता विचारलं.

"तीस दिवसांत."

"तोवर ती..."

बाईने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तोवर त्या आमच्याकडे जिवंत आहेत."

शोधकरावांनी सिस्टरबाईंचं कार्ड उचलून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"मग आज नको," ते म्हणाले.